श्वासाचा जरा त्रास

आमच्या घराण्यात इस्टेट म्हणावी अशी एकच गोष्ट टिकली, ती म्हणजे नाक. आजोबांच्या फोटोत आधी नाक दिसतं, मग आजोबा. भुवयांच्या मधून ते सरळ निघतं, अर्ध्या वाटेवर उंटासारखी पाठ उचलतं आणि मग मिशीवर उतरतं. वाटणीत ते माझ्या वडिलांना वगळून आत्याला गेलं आणि एक पिढी ओलांडून माझ्या पदरात पडलं. १९८७ साली, नववीत असताना, वाड्याच्या चौकात सीझनच्या बॉलने माझ्या हिश्श्यात थोडा फेरफार केला. तेव्हापासून ते डावीकडे झुकलं. प्रगतिपुस्तकात बाईंनी 'नाकासमोर चालणारा मुलगा' असा शेरा दिला होता. तो मी मनावर घेतला असता, तर रोज शाळेऐवजी डाव्या हाताच्या मिसळीच्या दुकानात पोचलो असतो. (तसा अधूनमधून पोचत असेच.)

नाकपुड्या सगळ्यांच्याच पाळीपाळीने काम करतात. काही तास एक मोकळी, दुसरी किंचित चोंदलेली, मग उलट. योगवाले त्याला चंद्रनाडी आणि सूर्यनाडी म्हणतात. माझी चंद्रनाडी त्या बॉलपासून बिनपगारी रजेवर होती. त्यामुळे सूर्यनाडीची विश्रांतीची वेळ झाली की सगळा कारभार तोंडावर यायचा. रात्री मी घोरायचो आणि सौ. उशी घेऊन हॉलमध्ये जायची.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "नाकाचं हाड वाढलंय," असं मीच निदान सांगून टाकलं. त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर माझं अंतरंग दाखवलं. "वाढलेलं काही नाही. मधला पडदा वाकलाय. पुढे कूर्चा असते, मागे हाड. तुमचं दोन्ही डावीकडे गेलंय." मग हातमोजे काढता काढता सहज विचारलं, "बाहेरचंही करून घ्यायचंय का?"

"फक्त श्वासासाठी हं," मी म्हणालो. वास्तविक चौतीस वर्षांची कुठलीही फोटोची फ्रेम काढा, मी उजवा गाल पुढे करून उभा आहे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा मी आधी मान वळवली होती. बाई हसल्या नाहीत. हे वाक्य त्या दिवसातून चारदा ऐकत असाव्यात. बाहेरचा सांगाडा वाकडा ठेवून आतला पडदा पुरता सरळ राहत नाही, तेव्हा दोन्ही एकदम केलेलं बरं, असं त्यांनी समजावलं. शिवाय पडदा नीट करताना कूर्चेचा जो तुकडा निघतो, तोच शेंड्याला टेकू द्यायला कामी येतो. आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंट नऊ वर्षं रखडली आहे, त्यामुळे मला हे लगेच कळलं. आतली भिंत काढायची आणि त्याच विटांत एलेव्हेशन सुधारायचं.

घोळ झाला तो मेडिक्लेमच्या टेबलावर. आतला पडदा सरळ करणं हा उपचार, म्हणून मंजूर. पाठीचा उंचवटा तासणं हे सौंदर्यवर्धन, म्हणून नामंजूर. एका नाकाची दोन एस्टिमेटं निघाली. आता भूल कुणाच्या खात्यात टाकायची? काउंटरवरच्या मुलीने कॅल्क्युलेटर काढला. "काका, साडेतीन तासांत दोन तास तुम्ही श्वासासाठी झोपणार आणि दीड तास दिसण्यासाठी." हे ती अशा खणखणीत आवाजात बोलली की रांगेतल्या मूळव्याधीच्या पेशंटनेही सगळं दुखणं विसरून माझ्याकडे पाहिलं. नंतर वॉर्डबॉय ओरडत आला, "सौंदर्यवाले काका कुठेत?"

घरी आलो तेव्हा नाकावर प्लास्टर, नाकाच्या आत सिलिकॉनच्या पट्ट्या आणि दोन्ही डोळ्यांखाली जांभळट काळे. हाडाला हात लावला की असं होतंच म्हणे, पण हे सोसायटीला कोण सांगणार? शेजारच्या काकूंनी आधी मला पाहिलं, मग सौ.ला पाहिलं आणि एक अक्षर न बोलता दार लावून घेतलं. "आता लिफ्टमध्ये मी कुठल्या तोंडाने जाऊ?" असं सौ. दोन दिवस विचारत होती. नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, चष्म्याचा भार नाकावर टाकायचा नाही. मी चष्मा चिकटपट्टीने कपाळाला टांगला आणि वाचत पडलो.

वाचत होतो ते आमच्या पुण्याचंच प्रकरण. कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकणारा १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक घडवून मापाला लावलं, ते चेपून कपाळावर पसरलं, तेवढी कातडी आखून कापली आणि भुवयांच्या मधोमध देठ ठेवून खाली वळवली. टाके नाहीत. चिकटवायला काय, तर कात! विड्यातला कात पाण्यात मऊ करून, कापडाच्या पट्ट्यांवर थापून. देठ पंचविसाव्या दिवशी कापला. इंग्रज डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासकट छापून आलं आणि त्यावरून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली इंग्लंडात तशी शस्त्रक्रिया केली. साहेबाला नाक पुण्याने दिलं, हे वाचून मी प्लास्टरसकट ताठ झालो. फक्त त्या कारागिराचं नाव लिहून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. आम्हाला मात्र उद्घाटनाच्या पाटीवर स्वीकृत नगरसेवकाचंही नाव लागतं.

नव्या नाकपुड्या बुजू नयेत म्हणून कावसजीच्या नाकातही कापडाच्या गुंडाळ्या घातल्या होत्या. त्याच्याही फार पूर्वी सुश्रुताने जोडलेल्या नाकात दोन नळ्या बसवायला सांगितल्या आहेत. म्हणजे दिसणं आणि श्वास यांचं बिल पहिल्यापासून एकच होतं. मेडिक्लेमवाले मध्ये नंतर आले.

सातव्या दिवशी बाईंनी पट्ट्या ओढल्या. एवढ्याशा नाकातून टूथब्रशएवढी लांब वस्तू निघते, हे बघून मी घाबरायच्या आत डावीकडून हवा शिरली. गार. थेट टाळूच्या मागे जाऊन टेकली. स्पिरिटचा वास आला, बाईंच्या टेबलावरच्या मोगऱ्याचा आला, आणि रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याचाही आला.

रूपाचं विचाराल तर सूज पुरती उतरायला वर्ष लागतं. ऑफिसात एकजण म्हणाला, "बारीक झालास?" दुसऱ्याने नव्या चष्म्याचं कौतुक केलं. चष्मा जुनाच होता. चेहरा बघून हजेरी लावणाऱ्या यंत्राने तर क्षणाचाही विचार न करता मला ओळखलं. खिशातले एवढे पैसे घालवून निदान यंत्र तरी गोंधळायला हवं होतं.

आत्या आली ती महिन्याने. तिलाही आम्ही 'श्वासासाठी' एवढंच सांगितलं होतं. कारण तेच नाक मला नको झालं, हे तिच्या तोंडावर सांगायचं कसं? तिने माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मधल्या जागी बोट थबकलं. पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरलं.

"इथली पाठ कुठे गेली रे?"

"श्वासाला अडत होती, आत्या."

"बाबांची होती ती," आत्या म्हणाली. मग चहा होईपर्यंत काहीच बोलली नाही. तिचा हात मात्र स्वतःच्या नाकावर फिरत होता. जायच्या वेळी दारात चप्पल सरकवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे लिहून. मलाही हल्ली श्वासाचा जरा त्रास होतो."