छायाचित्रकाराने कलावंत कसे व्हावे: कुंभकोणम येथील इच्छुकांकरिता

मंगळसूत्र बांधण्याच्या ऐन क्षणी कॅमेऱ्यासमोर आडव्या येणाऱ्या मामांना विनवण्यात ज्याचे तारुण्य खर्ची पडले, अशा कुंभकोणमच्या छायाचित्रकारास चाळिशीच्या सुमारास असे वाटू लागते की, आपण आजवर काढले ते फोटो होते आणि यापुढे काढू त्या कलाकृती असतील. ही भावना उद्भवताच तिच्यावर औषधोपचार न करता तिची रीतसर अंमलबजावणी करावी.

नव्या धंद्यास एखाद्या थोर पूर्वजाची सनद असली म्हणजे सासरे आणि सावकार या दोघांचीही तोंडे काही काळ बंद राहतात, आणि येथील मराठी माणसास ही सनद घरबसल्या मिळण्यासारखी आहे. तंजावरी देशस्थ कुळातले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करून मोकळे झाल्यावर १८८४ साली त्यांनी राजा रविवर्म्यास पत्र लिहून सुचविले की, केवळ दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणे नाही, सबब निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रती, काढवून घ्यावेत. रविवर्म्याने दहा वर्षांनी, १८९४ साली, मुंबईतच छापखाना घातला, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचविल्या, आणि यथावकाश कर्जापायी तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर नामक जर्मन तंत्रज्ञास विकून टाकला. या हकिकतीचा पूर्वार्ध दुकानाच्या पाटीवर लिहावा. उत्तरार्ध पत्नीस सांगू नये.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने रविवर्म्याचा प्रमाद एवढाच की, त्याने प्रती मोजल्या नाहीत. कलाकृती पंचवीस प्रतींची म्हणून जाहीर करावी, प्रत्येकीखाली पेन्सिलीने अनुक्रम घालून सही करावी, आणि मूळ फाइल संगणकात शाबूत असता सव्विसावी प्रत का निघू नये असे कोणी विचारल्यास उत्तर न देता दूरवर पाहावे. छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्सने १९४१ साली टिपलेल्या एका चंद्रोदयाच्या हजाराहून अधिक प्रती काढल्या आणि तरीही भाव चढतच गेला, हा दाखला खरा. परंतु तो लागू होण्यासाठी आधी ॲन्सल ॲडम्स व्हावे लागते.

विषयाची निवड करताना दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर प्रथम डोळ्यांसमोर येईल. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत असल्यामुळे तेथील रथाच्या चाकाचा फोटो समस्त मानवजातीपाशी अगोदरच आहे. शिवाय तिपाई लावण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत उजेड थांबत नाही. महामहम तलावाच्या काठचे सोळा मंडप त्याहून बरे, मात्र त्यांतून कपडे वाळत घालणारी माणसे वगळावीत. ज्या चित्रात माणूस आहे तो फोटो आणि ज्यातून तो हाकलला आहे ती कलाकृती, असा या व्यवहाराचा दंडक दिसतो. छायाचित्रकार आंद्रेयास गुर्स्कीने ऱ्हाईन नदीच्या काठचा कारखाना संगणकावर पुसून टाकला आणि तेच चित्र २०११ साली त्रेचाळीस लाख डॉलरांस विकले गेले. आपणास एवढा खटाटोप पडत नाही. वैशाखात कावेरीवर गेल्यास नदीच पुसलेली असते. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा प्रघात आहे, तेव्हा रिकाम्या वाळूची कामे त्यापूर्वीच उरकावीत.

कागद शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित, शक्यतो जर्मन असावा. तो शंभर वर्षे टिकतो असे गिऱ्हाइकास अवश्य सांगावे, परंतु ऐप्पसी-कार्तिकै महिन्यांतील पावसात कावेरीकाठची दमट हवा लागून त्याला बुरशी कधी धरते हे सांगण्याची जबाबदारी आपली नव्हे.

सरकारी आश्रयाची अपेक्षा मात्र धरू नये. मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप याने १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेख टिपण्यासाठी २१ छायाचित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली; आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी, ही चैन खजिन्यास परवडत नाही म्हणून, त्याचे काम बंद करविले. इतक्या कसोशीने केलेल्या कामाची अशी वासलात लागलेली पाहून मला ट्राइपविषयी खरोखरच वाईट वाटते. पण जमाखर्चाच्या वहीपुढे गव्हर्नरसाहेबांचे काय चुकले, हेही समजत नाही.

राहिले गिऱ्हाईक. जे गोपूर दूध आणायला जाताना रोज फुकट दिसते, त्यासाठी गावातला मनुष्य अठरा हजार रुपये मोजणार नाही. त्याच्या भिंतीवर जवळच्या सराफाने दिलेले देवाचे कॅलेंडर असते, आणि त्यात राहुकाल छापलेला असतो, जो आपल्या कलाकृतीत नाही. म्हणून गाव सोडून गेलेल्यांस गाठावे. न्यू जर्सीतल्या मुलास आजोळची आठवण येते ती डिसेंबरच्या बर्फात, त्यावेळी दर सांगावा.

प्रदर्शनासाठी आडी आणि मार्गळी हे दोन महिने राखून ठेवावेत, कारण तेव्हा तमिळ मुलखात लग्ने होत नाहीत आणि कलेस पुरेशी फुरसत मिळते. उरलेल्या दहा महिन्यांत मुहूर्ताची कामे नाकारू नयेत. आडीनंतरचा आवणी महिना लागण्यापूर्वीच वधूपित्याकडून विसार नगद घेऊन ठेवावा, कारण कापसाचा कागद उधारीवर मिळत नाही.