काठीला सिंहासन, माशाला मलम

ऐकलंत का? इंग्लंडात मासे गरवणारे लोक आताशा काठी हातात धरतच नाहीत म्हणे! काठीला टेकायला चार पायांचं सिंहासन लागतं. त्याला म्हणायचं रॉड पॉड. ते उचलायला पिसासारखं हलकं हवं, पण वाऱ्यावादळात जागचं तसूभर हलता कामा नये. असा गुणी जावई तरी मिळतो का कुणाला? पण त्याच्या शोधात बर्कशरपासून केंटपर्यंतचे बाप्ये पायाला भिंगरी बांधून दुकानं पालथी घालताहेत. आणि आपण? आपण स्लाव-रेडिंगकडची मराठी मंडळी रविवारी तळ्याकाठी चालायला म्हणून जातो आणि तोंडात बोट घालून बघत उभे राहतो. चालणं राहतं बाजूला.

बरं, हा खटाटोप कुणासाठी? तर कार्पसाठी. आपल्याकडच्या धरणात सायप्रिनस म्हणून जो मिळतो ना, तोच तो. आपल्याकडे त्याच्या तुकड्या होतात, हळद-मीठ लागतं आणि प्रकरण तव्यावर मिटतं. इथे त्याला ओल्या गादीवर निजवतात. गळ रुतला त्या जागी जंतुनाशक लावतात. हो, माशाला! मग वजन, मग मांडीवर घेऊन फोटो, आणि शेवटी दोन्ही हातांनी अलगद परत पाण्यात. खायचा नाही? छे, शब्दही काढू नका. माणसं वाळीत टाकतील.

माशांना नावंसुद्धा असतात. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल तळ्यातली ‘बेन्सन’ आठवते का? पंखाला सिगारेटचा चटका बसावा तसं भोक होतं, म्हणून सिगारेटच्या ब्रँडवरून नाव. ही बाई साठाहून जास्त वेळा गळाला लागली आणि साठाहून जास्त वेळा घरी परतली. भरात होती तेव्हा वजन ६४ पौंड. २००९मध्ये गेली तर जगभरच्या पेपरांत बातमी! आपल्यातल्या किती जणांचं नाव छापून येणार आहे हो?

या सगळ्या वेडाचं मूळ शोधायचं तर १९५२पर्यंत मागे जावं लागतं. त्या सप्टेंबरात हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यावर रिचर्ड वॉकर नावाच्या गृहस्थाने ४४ पौंडांचा कार्प काढला, म्हणजे वीस किलोच म्हणा. तो मासा थेट लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, ‘क्लॅरिसा’ झाला आणि १९७१पर्यंत लोकांना दर्शन देत राहिला. वॉकरकडे पॉड नव्हता. मासा ओढायला लागला की बोंबलणारी विजेची घंटी मात्र त्याने लावली होती, आणि तिथेच घात झाला. घंटी आली म्हणजे माणूस निजायला मोकळा. माणूस निजणार म्हणजे काठी कुणी तरी धरायला हवी. मग टेकू आला, टेकूला आडवी दांडी आली, दांडीला पाय फुटले. इंग्लंडात एका माणसाला तीन काठ्यांपर्यंत परवाना मिळतो, तेव्हा दांडीही तिघींना पुरेल एवढी लांब झाली. घ्या, झालं सिंहासन तयार!

आता खरी मेख ऐका. मऊ मातीच्या काठावर पॉड लागतच नाही. जमिनीत खुपसायच्या दोन साध्या सळया, पुढे एक मागे एक, की काम फत्ते. पॉड हवा कुठे, तर लाकडी फळ्यांच्या धक्क्यावर, काँक्रीटवर, खडीच्या काठावर, जिथे सळई शिरत नाही तिथे. हे प्रत्येकाला पाठ आहे. तरीही लुसलुशीत हिरवळीवर चार-चारशे पौंड किमतीचे पॉड मांडून मंडळी बसलेली असतात. का? शेजारच्याने मांडलाय म्हणून! दुसरं काय असणार?

आणि काय ते मांडणं! आधी पिशवीतून मधली दांडी निघते. मग चार पाय ओढून लांब करायचे, एकेक खटका दाबायचा, पुढच्या-मागच्या आडव्या दांड्या पिळून बसवायच्या. त्यांवर तीन अलार्म. मग आमचा हा पठ्ठ्या गुडघ्यावर बसतो, खिशातून गवंड्याचं पाणसळ काढतो आणि दांडीवर ठेवून बुडबुडा मधोमध येतो का ते बघतो. घराच्या भिंतीला तडा गेलाय, तिकडे ढुंकून बघत नाही म्हणे! एक डोळा मिटून तिन्ही काठ्या एका रेषेत आल्या की मग कुठे चहा.

हलका की स्थिर, या वादात तर मित्र मित्रांशी बोलेनासे झालेत. स्टीलवाले म्हणतात, सहा-सात किलोचा असेना, वाकत नाही की डगमगत नाही. ॲल्युमिनियमवाले दोन-तीन किलोवर खूश. कार्बनवाले कुणाशी बोलतच नाहीत, ते नुसते एका बोटावर पॉड उचलून दाखवतात. दुकानदार मधल्या मध्ये हात धुऊन घेतो. पाटीवर वजन लिहितो ते नुसत्या सांगाड्याचं. आडव्या दांड्या, पिशवी, वाऱ्यात रोवायचे खुंटे हे सगळं तराजूत मागाहून चढतं.

आपलं काय जातं म्हणा, पण कानावर पडलेलं सांगतो. पॉड नुसत्या किलोंवर स्थिर होत नाही, पायांच्या पसाऱ्यावर होतो. पाय जितके फाकलेले आणि बैठक जितकी खाली, तितका तो उलटायला अवघड. नदीच्या धारेतून तंगूस वर राहावा म्हणून काठ्यांची टोकं आभाळाकडे केलीत की भार वर जातो आणि पाय आखूड असतील तर सगळा संसार पाण्याकडे झुकतो. दुसरी गोष्ट सांध्यांची. जितके सांधे आणि जितक्या घड्या, तितकी हालचाल. छोट्या पिशवीत मावणारा पॉड म्हणजे सांध्यांचं माहेरघर, आणि सांध्याला प्लॅस्टिकची कळ असेल तर दोन हिवाळ्यांत ती ढिली पडलीच म्हणून समजा. म्हणून जाणते लोक दुकानातच मधली दांडी धरून पॉड हलवून, पिळून बघतात. तिथे कुरकुरला तर तळ्यावर काय करेल? अलार्मच्या आत छोटं चाक असतं, तंगूस सरकला की ते फिरतं आणि आवाज होतो. पॉड वाऱ्यात थरथरला की मासा नसतानाच ‘पीं’. रात्री दोनला ‘पीं’, अडीचला ‘पीं’. आणि काठीच्या बुडाशी पकड देणारा टेकू नसेल, रिळाचा ब्रेक घट्ट राहिला असेल, तर वीस किलोचा कार्प काठीच घेऊन जातो. हलकेपणाचा कळसच की हो हा! पॉडवरचा भार एका झटक्यात कमी.

पण हे तीन किलोचं कौतुक ऐकल्यावर जरा मागे वळून यांची ढकलगाडी बघा. तंबू, घडीचा पलंग, थंडीची झोपपिशवी, स्टोव्ह, किटली, आमिष सोडायची रिमोटची बोट! पन्नास-साठ किलोंचा डोंगर चिखलातून रेटत न्यायचा, धापा टाकायच्या आणि वर सांगायचं, “पॉड हलका घेतला, पाठीला बरं पडतं.” पाठीला? की मनाला?

बाटलेले तर विचारूच नका. आपल्यातलेच एक भाऊजी, जन्मात मासळीला हात लावला नाही, मासळीबाजारावरून जाताना नाकाला रुमाल. त्यांनी शोध लावला की इथे मासा मरत नाही, परत जातो, म्हणजे धर्म बुडत नाही. झालं! आता त्यांच्या सोवळ्या स्वयंपाकघरात आमिषाच्या गोळ्या उकळतात. रवा, सोयाबीनचं पीठ आणि त्यात फोडलेली डझनभर अंडी! वर स्ट्रॉबेरीचा अर्क. वहिनी सांगत होत्या, “अहो, मुलाच्या केकला अंडं चालत नव्हतं यांना. आता माशाच्या लाडवांना चालतं!” वहिनींनी तावातावाने सांगितलं खरं, पण गोळ्या सारख्या आकाराच्या वळतं कोण, ते नाही सांगितलं. पाकात कमी पडलेला लाडू कसा बांधायचा, ते भाऊजींना थोडंच येतंय?

आपणही काही कमी नाही. फोनवर रात्री अकराला पॉडची तुलना करणारा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कोण बघतं? ‘सहज लागला’ म्हणे! मी नाही त्यातली अन् कडी लाव आतली. परवा बारशाला सगळे बाळाचं नाव सोडून पुढची दांडी तीन काठ्यांची घ्यावी की दोन, यावर बोलत होते. दोनच बरी, हे ठरलं. लांब दांडी बाजूला पिळते.

आणि या हलकेपणाचा शेवट काय होतो माहितीय? चारशे पौंड मोजून पठ्ठ्या हलक्यातला हलका पॉड आणतो. पहिल्याच पश्चिमेच्या वाऱ्यात तो नाचायला लागतो. मग काय करावं? तळ्यातलं पाणी भरून दहा लिटरची बादली मधल्या दांडीला लटकवायची! दहा किलो एका फटक्यात परत. त्यासाठी घडीची, वजनाला अगदी हलकी, झाकणाची बादलीसुद्धा मिळते. हिरव्या रंगाची घ्यावी, काठावर उठून दिसत नाही. कुठल्या दुकानात मिळते ते आपल्याला कसं ठाऊक, असं मात्र कुणी विचारायचं नाही.