कुळशील घोड्याचे
न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात कुलाभिमानाचा प्रश्न ज्या शहाणपणाने सोडवला, त्याचे कौतुक करायलाच हवे. १८४३ साली निघालेल्या ‘मेटलंड मर्क्युरी’सारख्या पत्रात, तिकडचा वसंत जवळ आला की पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिराती येत. रंग, उंची, स्वभाव, बाप, आजा, पणजा, शिवाय आजोळची माणसे, म्हणजे घोडे; दर घोडीमागे अमुक गिनी, मोतद्दाराचे शिलिंग वेगळे. १७८८ पासून हजारो कैदी जिथे बोटींतून उतरवले, तिथे माणसाच्या आजोबांची चौकशी करणे बरे दिसत नसे. खानदान कुठेतरी ठेवायला तर हवे. ते तबेल्यात ठेवले. वंशावळी फुगवलेल्या असतील, असे कुणी म्हणेल. असतीलही, पण घोड्याने स्वतः तसा दावा कधी केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप जाहिरातीच्या शेवटच्या ओळीवर: काळजी पूर्ण घेऊ, जबाबदारी घेणार नाही. घोडी कुंपणात अडकून मेली तरी घोड्याच्या मालकाने हात झटकायचे. यात गैर काय? अख्खे साम्राज्य याच अटीवर चालले होते. जाहिरातदाराने निदान ती छापली. काही मालक तर घोडी गाभण राहिली तरच पैसे घेत. लंडनहून येणाऱ्या गव्हर्नरांनाही हेच कलम लावावे म्हणावे, तर एवढ्या लांब येणार कोण? या पैदाशीतले ‘वेलर’ घोडे पुढे हिंदुस्थानच्या फौजेत भरती झाले, इथल्या रयतेच्या पैशाने. त्या रयतेच्या बाबतीत काळजीचा भाग छापायचा राहून गेलेला दिसतो.