नाकापासून चार बोटं

माझे दोन्ही डोळे उत्तम आहेत. उजवा एकटा तपासला तर सहा बाय सहा, डावाही तसाच. दोघांना एकत्र कामाला लावलं की मात्र भानगड सुरू होते, आणि तीही फक्त जवळचं काम असेल तर. अमरावतीच्या राजकमल चौकातली चहाची गाडी मला लांबून एकच दिसते; हातात घेतलेला कप मात्र दोन दिसतात. तुम्ही म्हणाल, बरंच आहे की! पण ओठ लावायला जावं तर नेमका नसलेला कप पुढे येतो, आणि असलेला शर्टावर.

याचा जाहीर बोभाटा झाला अकोल्याच्या बसमध्ये. सासुरवाडी अकोल्याची, त्यामुळे हा रस्ता माझ्या पाठीच्या मणक्यांना तोंडपाठ. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर लोणी ते मानादरम्यान ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून गिनेस बुकातला विक्रम झाला. आपल्या मुलखाचं नाव निघालं म्हणून मी पेपर नाकाजवळ धरून ती बातमी शेजारच्या आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतली. तेवढ्यात ७५ च्या शेजारी त्याचाच जुळा भाऊ येऊन उभा राहिला, आकडा झाला ७५७५, आणि मी ठणकावून सांगितलं की पाच दिवसांत साडेसात हजार किलोमीटर रस्ता झाला. आजोबा जरा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

"मंग तं लंडनले पोचला असन," ते म्हणाले. "पण हे मूर्तिजापूर कवा येते?"

पुढे तिकीट वाचायला मी एक डोळा मिटला, तर कंडक्टरनं उलट मलाच डोळा मारला.

"चाळिशी लागली तुम्हाला, दुसरं काही नाही," असा माझ्या आजाराचा आणि वयाचा निकाल सौ.नं एका दमात लावला. चष्मा झाला. दुकानदार हौशी होता. त्यानं सांगितलं की डोळ्यातलं भिंग बारीक धाग्यांनी भोवतालच्या स्नायूला टांगलेलं असतं, जवळचं पाहताना तो स्नायू आवळतो, धागे सैल पडतात आणि भिंगाला पोट सुटतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडितानं हे १८५५ मध्येच मांडून ठेवलंय. वय झालं की भिंग टणक होतं आणि त्याला पोट सुटेनासं होतं. माझ्या देहात पोट सुटायला नकार देणारा एवढा एकच अवयव निघाला. असो. चष्म्यानं फरक पडला, नाही असं नाही. आधी दोन पुसट ओळी दिसायच्या, आता दोन ठसठशीत दिसायला लागल्या.

शेवटी मेव्हण्यानं अकोल्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. तपासायला माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. समोरच्या अक्षराकडे बघत राहा म्हणाली आणि एक काळी पट्टी कधी या डोळ्यावर, कधी त्या डोळ्यावर धरू लागली. पट्टी काढल्याबरोबर आतला डोळा जागचा हलतो का, हे ती पाहत होती. हलला तर समजायचं की झाकल्यावर स्वारी भलतीकडे भटकून आली. माझा डावा दर वेळी भटकून येत होता. मी मात्र पट्टीच्या दांड्यावर काय छापलंय ते वाचायच्या खटपटीत.

"काका, पट्टीकडे नाही. अक्षराकडे."

मग तिनं पेनाचं टोक समोरून हळूहळू माझ्या नाकाकडे आणलं. एकाचे दोन झाले की सांगायचं. नीट चालणारे डोळे हे टोक सहा-सात सेंटिमीटरपर्यंत एकच ठेवतात; माझं वीतभर अंतरावरच दुभंगलं. पण एवढ्याशा पोरीपुढे हार कशी मानायची? मी आपला "एकच आहे, एकच आहे" म्हणत राहिलो, आणि पेन पार मिशीला टेकलं.

"काका, तुमचा डावा डोळा केव्हाच बाहेर निघून गेलाय," ती म्हणाली. "मला दिसतंय ना."

त्यानंतर उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी, आणि जवळ धरलेल्या बॅटरीत चार ठिपके: एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. लाल काचेतून दोन दिसतात, हिरवीतून तीन. पांढरा दोन्हींकडे असतो, म्हणून मेंदूनं मेळ घातला तर एकूण चार. माझा जन्म सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात गेलेला. दोन आणि तीन पाच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. तसं मी ठासून सांगितलंही. तिनं मान हलवून काहीतरी टिपून घेतलं, आणि मला वाटलं पास झालो.

शेवटची परीक्षा माशीची. एक काळपट चष्मा घालून हातभर अंतरावरच्या पुस्तकातली भली मोठी माशी पाहायची आणि तिचा पंख चिमटीत धरायचा. डोळे जुळले तर ती कागदावर उठून उभी राहते. राहिली की! इतकी जिवंत, की मी चिमूट वगैरे विसरून हातरुमालानं हाणली. पुस्तक टेबलाखाली गेलं, बॅटरी त्याच्या मागोमाग. आवाज ऐकून डॉक्टर आले.

"छान," ते म्हणाले, "खोली कळते आहे. म्हणजे मेंदू ठीक आहे."

"एवढंच वाक्य लेटरहेडवर द्याल का? घरी दाखवायला."

त्यांनी ते दिलं नाही, निदान दिलं: कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी. जवळचं पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात आणि माझे त्यात कमी पडतात. "शंकरपटातली जोडी समजा," डॉक्टर म्हणाले, "बैल दोन्ही दमदार, पण जवळच्या वळणावर एक आत येतो, दुसरा धुऱ्याकडे पळतो." उपाय म्हणजे व्यायाम. नुसती पेन्सिल घरी नाकाशी आणून भागत नाही, हे अमेरिकेत २००८ साली मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. दवाखान्यात बसवून करून घेतलेले व्यायाम मात्र कामी आले. मी मूल नव्हे, हे मी सुचवून पाहिलं. तरी दर आठवड्याला अकोला ठरलं. सौ.ला आनंद झाला. माहेर तिचं.

१९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात पैलवान घडवणारं, १९३६ साली थेट बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलेलं हे आमचं अमरावती. तिथला मी एक नागरिक, आणि माझ्या व्यायामाचं साहित्य म्हणजे तीन रंगीत मणी ओवलेली दोरी. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाशी. मधल्या मण्याकडे पाहिलं की एका दोरीच्या दोन दिसाव्यात आणि त्या बरोबर मण्यावर एकमेकींना छेदाव्यात. पहिल्यांदा ती फुली जमली तेव्हा मी आनंदानं श्वास रोखून बसलो होतो, आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी फुलीवर ओलं फडकं वाळत घातलं.

"लय दिवसानं दोरी बांधली बाप्पा घरात," त्या म्हणाल्या.

कुंपणापलीकडच्या काकांची समजूत निराळीच झाली. डोळे नाकाशी आणून रोज सकाळी निश्चल बसलेला मी पाहून त्यांनी गल्लीत सांगून टाकलं की साहेब त्राटकाला लागले. आता लोक वाकून नमस्कार करतात, एकानं मुलीच्या लग्नाचा योगही विचारला. परवा काकाच हळू आवाजात म्हणाले, "साधना कुठवर आली?"

"चार बोटं राहिली," मी म्हणालो.

त्यांनी चपला काढल्या.