चारमिनार न पाहता गेली हो!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. पुण्याहून आमची भाची आली, पाच दिवस राहिली आणि चारमिनार न पाहता परत गेली. गोवळकोंडा नाही, सालारजंग नाही, हुसेनसागरातला बुद्ध नाही. भजनी मंडळात हे सांगितलं तर टाळ थांबले. एकीनं विचारलं, "ताप आला होता का पोरीला?" दुसरीनं आवाज खाली आणला, "तुमच्यात काही वाजलं का?"

ताप नाही, भांडण नाही. तिला म्हणे 'खरं हैदराबाद' पाहायचं होतं. आणि ते कुठे सापडलं, तर तारनाक्याला, आमच्या स्वयंपाकघरात!

आमच्याकडे पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी सालारजंग. बाराच्या आत त्या घड्याळासमोर जागा धरायची, आतून एवढासा बाहुला येऊन टोले देतो ते पाहायचं, मग दगडाची असून ओढणी झिरझिरीत दिसते ती रिबेका. तिथून चारमिनार, लाड बाजारच्या बांगड्या, आणि पायांत जीव उरला तर गोवळकोंड्याच्या दारात टाळी वाजवून ती वर ऐकू जाते का बघायचं. चाळीस वर्षांत मी ही फेरी इतक्या वेळा केलीय की तो बाहुला मला नावानं ओळखत असेल. हे सगळं सांगितलं तर भाची म्हणते, "मावशी, ते टुरिस्ट करतात."

"मग तू कोण?"

"मी ट्रॅव्हलर. तू रोज जे करतेस तेच कर. मी नुसती बघते."

अहो, सासूबाईसुद्धा कधी अशा बघत बसल्या नव्हत्या! दुधाच्या पिशव्या आणायला गेले, ही मागे. टाकीत पाणी चढवायला मोटर लावली, हिनं व्हिडिओ काढला. कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझा फोटो आहे, गाऊनमध्ये, आणि तो आता साऱ्या जगाला दिसतो. सकाळी आम्ही उस्मानियाच्या आवारात फिरायला जातो. आर्ट्स कॉलेजची ती 1939 सालची गुलाबी दगडाची इमारत समोर आली तर हिनं मान वळवली. का? तर ती 'लिस्टमध्ये' आहे. लिस्टमध्ये असलेलं काही पाहिलं की पाप लागतं, असा या पंथाचा नियम आहे.

भाजीवाल्याच्या तोंडून 'नक्को' ऐकलं तेव्हा मात्र तिला काय आनंद! लगेच फोनमध्ये टिपून घेतलं, 'लोकल' शब्द म्हणून. म्हटलं, बाई, तो शब्द तुझ्याच घरचा. दखनीनं तो मराठीकडून कधीचा उचललाय. 'ऐसाइच', 'आजइच' म्हणताना मागे लागतो तो 'च'सुद्धा आपलाच. ती जरा हिरमुसली. एवढं भाडं खर्चून आल्यावर समोर आपलंच निघालं की माणसाला वाईट वाटणारच.

मग नंबर लागला वरच्या मजल्यावरच्या आंटींचा. त्यांच्या आवकाय लोणच्याचे दिवस. बाजारात कैऱ्या फोडून देणारा बसतो, त्याच्यापुढे ही अर्धा तास उभी. कोयीच्या कवचासकट फोडी कशा पडतात हे पाहायला. घरी मोहरीची पूड, तिखट, मीठ, तिळाचं तेल, आणि ही परातीभोवती प्रदक्षिणा घालतेय. आंटींनी मला हळूच विचारलं, "हिच्या घरी लोणचं घालत नाहीत?" काय सांगू? हिची आजी साठ वर्षं लोणचं घालत आली, पण हिनं तिकडे कधी ढुंकून पाहिलं नाही.

आणि 'लोकल' म्हणून हिनं मिरवल्या त्या आंटी मुळात गुंटूरकडच्या. आम्ही नांदेडचे. समोरचे ओडिशाचे, प्रयोगशाळेतल्या नोकरीनं आलेले. पलीकडे लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीत तर अर्धा भारत. तारनाका हे नावसुद्धा, सांगतात, निजामाच्या काळातल्या कुणा अमीराच्या बागेच्या तारकुंपणावरून आणि राखणदाराच्या नाक्यावरून पडलं. म्हणजे इथं तारेच्या आतलं कुणीच नाही, सगळे नाक्यावर येऊन थांबलेले.

हे खूळ एकट्या भाचीचं नाही, बरं का. आमच्या गल्लीतलं एक जोडपं लेकाकडे पॅरिसला जाऊन आलं, तर सांगतात कसे, "आयफेल टॉवर? छे, आम्ही त्याच्या मित्राच्या घरी सूप प्यायलो." पूर्वी काशीला जाऊन आल्यावर लोक वांगं सोडायचे, तसा यांनी टॉवर सोडला! न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून स्वयंसेवक परक्यांना आपली गल्ली फुकट हिंडवून दाखवतात. कुणा अमेरिकन मुलाला आइसलंडचं स्वस्त तिकीट मिळालं, तर त्यानं तिथल्या विद्यापीठाच्या दीड हजार विद्यार्थ्यांना ई-मेल ठोकली: तुमच्याकडे झोपायला येऊ का? त्यातून काऊचसर्फिंग निघालं, जगभर लोक एकमेकांच्या सोफ्यावर फुकट लोळले, आणि 2020 मध्ये त्यालाही वर्गणी लागली.

यांना हे नवल वाटतं. आमच्याकडे याला 'पाहुणे' म्हणायचे. 1958 साली औरंगाबादला विद्यापीठ झालं, तोवर मराठवाड्यातल्या बहुतेकांच्या पदवीवर उस्मानियाचा शिक्का. मनमाडकडून मीटरगेजची गाडी काचीगुड्याला लागायची, आणि ट्रंक, वळकटी, फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी घेऊन पोरं थेट कुणाच्या तरी चुलत्याच्या दारात. चुलता ओळखीचा असेलच असं नाही. सासरे सांगायचे, ते एका घरी परीक्षेपुरते गेले आणि दोन वर्षं राहिले. मोटर लावायचं काम तेव्हा नव्हतं, पाणी शेंदायचं होतं. पण त्याचं चित्र कुणी काढलं नाही, आणि त्या घरच्या काकूंनीही स्वतःला 'अनुभव' म्हणवून घेतलं नाही.

तर भाची निघाली. निघताना म्हणाली, "मावशी, तू चारमिनारवर चढली असशील ना खूपदा?"

मी गप्प. अहो, खरं सांगू? मी एकदाही चढलेले नाही. पाहुणे वर जातात तेव्हा खाली पिशव्या कोण धरणार? चाळीस वर्षं मी चारमिनार खालून पाहिलाय, चपलांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या घोळक्यातून.

तिचं लिखाण नंतर वाचलं. 'हैदराबादच्या एका स्थानिक मैत्रिणीकडे पाच दिवस', असं. सख्खी मावशी मी, पण मैत्रीण झाले. आता तिच्या सहा मैत्रिणी डिसेंबरात येणार आहेत, त्यांना तेच सगळं हवंय. आंटींना चिंता, डिसेंबरात कैरी कुठून आणायची?

पण आता हे मात्र नक्की बाहेर बोलू नका. गेल्या गुरुवारी घरी सांगितलं, बँकेत केवायसीचं काम आहे, आंटींना सोबत नेते. दोघींनी ऑटो केला, तिकीट काढलं आणि चढलो. 149 पायऱ्या म्हणतात, मी ऐंशीच्या पुढे मोजणं सोडलं. जिना इतका अरुंद की आंटी पुढे आणि त्यांच्या पाठीला टेकून मी. वर वारा होता. मक्का मशीद इतकी जवळ दिसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खाली फोटोवाला मागे लागला. "अम्मा, कहाँ से आए?"

आंटी म्हणाल्या, "गुंटूर."

मी म्हटलं, "नांदेड. आजइच आए."