होळीआधीची बोंब

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात आयुष्य काढूनही ज्याला चणाडाळ आणि तूरडाळ शेजारी ठेवल्याशिवाय ओळखता येत नाही असा माणूस शोधत असाल, तर आमच्या गल्लीत या. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे छावणी टाकली, त्या लष्कराबरोबर आमचे पूर्वज आले. त्यांनी काय मर्दुमकी गाजवली ते ठाऊक नाही. वंशजाने गाजवलेली पुढे देतो आहे.

होळीला पुरण मी शिजवणार, अशी घोषणा मीच केली होती. सौभाग्यवतीने डाळ शिजवून, कट काढून, गूळ घालून पातेलं माझ्या ताब्यात दिलं आणि जाताना बजावलं, "उलथणं उभं राहिलं की पुरण झालं. आणि जरा लांब उभे राहा."

उलथणं मधोमध रोवलं. ते उभं राहिल्यासारखं वाटलं, पण सरळ की किंचित कललेलं? बघायला वाकलो. कडेचा बुडबुडा फट्कन फुटला आणि पुरणाचा गोळा डाव्या मनगटावर येऊन बसला. 'बसला' हेच बरोबर. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. गुळाचं पुरण मुक्कामाला येतं आणि चिकटल्या जागी भाजत राहतं.

मी ओरडलो. आमच्या दाल बाजारातल्या नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेतल्यालाही ऐकू जावं, असं ओरडलो. आतून आवाज आला, "अहो, होळी पेटायचीय अजून! आत्तापासून कसली बोंब?"

बायकोचा गैरसमज दूर होईपर्यंत शेजार गोळा झाला. मी तोवर टूथपेस्ट थापली होती. समोरच्या भाभीजींनी किसलेला बटाटा आणला. वरच्या मजल्यावरचे भाईसाहब "हल्दी लगाओ, हल्दी" म्हणत स्वतःच लावून मोकळे झाले. पोळीसाठी काढलेलं तूप हाताशी होतंच. त्याला वगळणं बरं दिसेना.

तेवढ्यात भाची आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हात बघून तिने विचारलं, "मामा, हे भाजलंय की फोडणीला टाकलंय?" अंगठी आधी काढायला लावली, कारण सूज चढली की ती निघत नाही. मग सगळा लेप हलक्या हाताने धुऊन मनगट नळाच्या साध्या गार पाण्याखाली धरलं. पूर्ण 20 मिनिटं. बर्फ मागितला तर म्हणाली, त्याने कातडीला आणखी इजा होते. अर्धा तास लेपांत गेला याची खंत केली, तर म्हणे भाजल्यावर तीन तासांपर्यंत पाणी धरलं तरी उपयोग होतो. बायको मात्र टाकीकडे बघत होती.

"गंभीर आहे ना?" मी आशेने विचारलं.

"नुसतं लाल, कोरडं असेल तर वरवरचं. तुम्हाला फोड आलाय, ओलसर आहे, म्हणजे एक पायरी खाली. खरं खोल भाजलं की जागा पांढरट किंवा काळपट पडते, चामड्यासारखी होते आणि तिथे फारसं दुखतच नाही. नसाच जळालेल्या असतात. तुम्ही एवढे ओरडताय ना, म्हणजे बरंय."

एवढ्या वेदनेची ही किंमत! मी तत्काळ गप्प झालो. चेहरा निर्विकार केला. बायको खरोखर घाबरली, आणि मला फार बरं वाटलं. मग भाचीने फोडाच्या कडेला हलकेच बोट टेकवलं आणि माझ्या गांभीर्याचा निकाल लागला.

शेवटचा प्रयत्न म्हणून वाचीव ज्ञान काढलं. एक हात म्हणजे शरीराचा 9 टक्के भाग; तेव्हा मी 9 टक्के भाजलो.

"तो खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात, मामा. ज्याचा त्याचा तळहात बोटांसकट धरला तर साधारण 1 टक्का. तुमचा फोड रुपयाएवढा. पाव टक्कासुद्धा नाही."

"बाजारात दलालीसुद्धा याहून जास्त असते," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

फोड फोडायचा नाही, वर न चिकटणारी स्वच्छ पट्टी, आणि मनगटाचा सांधा म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच, असं ठरलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारलं. आठवेना, म्हणून तेही टोचलं. तिथेही मी ओरडलो.

या सगळ्यात गॅस बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. पुरण बुडाला लागलं, उलथणं मात्र त्यात ताठ उभं होतं.

तेव्हा वाचकहो, पुरण उडालं तर आधी गॅस बंद करा, मग नळ गाठा आणि बोंब खुशाल मारा. पण तळहाताहून मोठं भाजलं असेल, चेहऱ्यावर किंवा लहान मुलाला भाजलं असेल, किंवा जागा पांढरी पडूनही माणूस "काही दुखत नाही" म्हणत असेल, तर पाणी धरून झाल्यावर त्याचं न ऐकता थेट जयारोग्य रुग्णालय गाठा.