मुंगी चावल्यासारखं

मावशींनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. निवृत्तीनंतर हातातली सुई गेली आणि पावतीपुस्तक आलं, पण हात तोच राहिला. समोरच्याला बोलण्यात गुंतवायचं, गुडघ्याची चौकशी करायची, "अरे, किती वाळलास!" म्हणत मनगट धरायचं, आणि तो "हो ना, हल्ली जेवणच जात नाही" असं म्हणेपर्यंत पाचशे एकची पावती फाडून त्याच्या हातात ठेवायची. वर धीर द्यायचा, "झालं हं. मुंगी चावल्यासारखं वाटलं असेल, एवढंच."

मनगट धरल्यावर त्या नाडीही मोजतात आणि आकडा नाडीवरून ठरवतात, अशी वदंता आहे. मी एकदा विचारलं, तर त्यांनी नाकारलं नाही.

"नाडी धावायला लागली म्हणजे पैसे आहेत, पण द्यायचे नाहीत. संथ चालली म्हणजे खरंच नाहीत. त्याच्याकडून मी दहाच घेते."

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे त्यांचे मूळपुरुष आणि मूळस्त्रिया, अशी त्यांच्यातली परंपरा. पुढे ही मंडळी जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' झाली. पेणला राहिले ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. मावशींचं आडनावही असंच एका खेड्याचं. त्या खेड्यात आता त्यांचं घर सोडा, उंबरासुद्धा उरलेला नाही.

"गाव सुटलं, 'कर' राहिला," मावशी म्हणतात. "आमच्या प्रत्येकाच्या आडनावातच कर आहे. मी नुसती वसुलीला हिंडते."

त्यांच्या महिला मंडळाच्या त्या खजिनदार. मंडळ म्हणजे सातआठ बायका, एक लोखंडी कपाट, दोन मोठी पातेली आणि तंबोल्याचा एक डबा, ज्यातला चौसष्ट नंबर हरवल्याला आता बरीच वर्षं झाली. (त्या नंबराच्या जागी पायजम्याचं बटण आहे. बटण निघालं की सगळ्या जणी एका सुरात "सिक्स्टी फोर!" म्हणतात.) मी त्यांच्याच इमारतीत राहतो, सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे, आणि सहा वर्षांपासून या मंडळाचा हिशेब तपासतो. नेमणूक जिन्यात झाली.

"मावशी, मी तुमच्यातला नाही."

"म्हणून तर. आमच्यातला ठेवला की कुणाचा तरी भाचा निघतो. भाचा नसलेला माणूस मिळवायला मला दुसऱ्या धर्मात जावं लागलं."

यात अतिशयोक्ती फारशी नाही. १९५०च्या आसपास भारतात बेने इस्रायल वीसेक हजार होते. मग बहुतेक जण इस्रायलला गेले. आता इथे उरले आहेत ते चारपाच हजार, त्यातले बरेचसे मुंबई आणि ठाण्याच्या पट्ट्यात. एवढ्यांत वर्गणी मागायची म्हणजे आपल्याच लग्नाच्या वऱ्हाडात थाळी फिरवण्यासारखं आहे. टाळणारा कुठे पळणार? जिथे पळेल तिथे मावशींचा दीर.

पण खरी गंमत शनिवारची. शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही आणि लेखणीही धरायची नाही. मोठ्या सणांनाही तेच. सिनेगॉगमधली पेटी उघडण्याचा, तिच्यातली सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उचलण्याचा मान मात्र नेमका त्याच दिवशी असतो, आणि त्या मानाला बोली लागते. मी एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो. खाली पुरुष मंडळी टोप्या सावरत आकडे पुकारत होती. कुणी लिहीत नव्हतं, त्यामुळे आवाजात एक मोकळेपणा होता. हवेतला आकडा हवेतच विरेल, अशी माणसाला सणाच्या दिवशी आशा वाटते. वर बायकांच्या गॅलरीत मावशी कठड्याला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, प्रार्थनेत रंगल्या आहेत.

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. चौथा तारा दिसायच्या आत खालच्या मंडळींचे फोन वाजायला लागले. कोण किती बोलला, कितव्या दमात बोलला, शेजाऱ्याने कोपर मारल्यावर किती वाढवलं, सगळं मावशींना तोंडपाठ. "वॉर्डात चाळीस पेशंट असायचे," त्या मला म्हणाल्या. "कुणाला कुठली गोळी, हे चिठ्ठी बघून द्यायला लागले असते तर निम्मे उपाशी आणि निम्मे बरे होऊन घरी गेले असते." एकाने पावसाळ्यात "ढग आहेत मावशी, तारे कुठे दिसले?" असा बचाव केला. त्यावर मावशींनी छापील वेळापत्रक वाचून दाखवलं आणि ढगांचे एकवीस रुपये वेगळे लावले.

शनिवार देवाचा म्हणून कार्यक्रम रविवारी ठेवावा, तर रविवार रेल्वेचा. मेगाब्लॉक. मोशेने समुद्र दुभंगून माणसं पार नेली, पण त्याला कळव्याला गाडी थांबवून ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. तरीही मावशींचे कार्यक्रम भरतात. होळीच्या सणाला, म्हणजे पुरिमला, वेशभूषा स्पर्धा आणि पुरणपोळीची विक्री. (या मंडळींनी सणांची नावं अशीच आपल्या वळणाने पाडून घेतली आहेत. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, आणि योम किप्पुर म्हणजे दार फळणीचा.) नव्याच्या सणाला चिकाचा हलवा, पाव किलोची पाकिटं. वर्षातून एकदा अलिबागची सहल. आधी नवगावच्या जुन्या कबरींपाशी, मग तिथल्याच खंडाळा गावच्या खडकाकडे, जिथे एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, रथाची खूण उमटली आहे असं मानतात. तिथे मलिदा करायचा. पोहे, ओला नारळ, साखर, सुका मेवा आणि फळं. ज्याचा नवस फळला त्याने मलिदा घालायचा, हा रिवाज. मावशी कुणाचा कुठला नवस बोलून झाला आहे याचीही यादी डोक्यात ठेवून असतात. एका गृहस्थांना त्यांनी वाटेतच सांगितलं, "तुमच्या सुनेचा व्हिसा आला ना मार्चमध्ये? मग या वर्षीचे नारळ तुमचे."

जेवणाच्या बाबतीत धर्म आणि काटकसर एकाच पंगतीला बसतात. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही. केटररचं पत्रक आलं की मावशी लाल पेन घेतात. कोशिंबिरीतलं दही गेलं, ताक गेलं, शेवटचं आईस्क्रीम गेलं. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, आणि नारळ व्हिसावाल्यांचे. केटरर काकुळतीला येऊन म्हणतो, "मावशी, पाहुण्यांना गोड काहीतरी?" मावशी म्हणतात, "चिकाचा हलवा आहे. बाहेर टेबलावर. पाकीट ऐंशी रुपये." त्या हलव्यातही दूध नारळाचंच, त्यामुळे धर्माला बोलायला जागा नाही.

परदेशी ज्यू पाहुणे आले की मला बोलावणं येतं, कारण त्यांचे आकडे विचित्र असतात. आपण एक्कावन्न, एकशे एक देतो. वरचा रुपया शुभ. ते अठराच्या पटीत देतात. हिब्रू अक्षरांना अंकांचं मोल असतं, आणि 'हाय' या शब्दातल्या अक्षरांची बेरीज अठरा होते. हाय म्हणजे जीवन.

"आपल्याकडे हाय म्हणजे पैसे गेल्यावर काढतात तो आवाज," मी म्हणालो.

"तोच," मावशी म्हणाल्या. "अर्थ दोन्हीकडे बरोबर आहे." आणि एकशे ऐंशी देणाऱ्या पाहुण्याला त्यांनी एक रुपया जास्त मागितला. अठरा त्यांचा धर्म, एक आपला.

नावाची पाटी हा या धंद्यातला नाजूक भाग. कुणी पंखा दिला तर पंख्यावर आजोबांचं नाव हवं असतं. ते फिरताना वाचता येत नाही, म्हणून पंखा बंद ठेवावा, असंही एकाचं म्हणणं होतं. मी मावशींना सांगितलं की मी कुठेतरी वाचलंय, तुमच्या रामबाम नावाच्या पंडिताने, म्हणजे मायमोनिदीसने, दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही त्यातली वरून दुसरी.

"आणि सगळ्यात वरची?"

"कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम देऊन माणसाला अशा जागी उभं करायचं, की त्याला मागावंच लागू नये."

मावशींनी विचार केला. "रामबाम वैद्य होता ना? मग त्याला माहीत असणार. वरच्या पायरीवर सगळे एकदम चढत नाहीत. पंख्यावर नाव घातलं की माणूस निदान जिन्याशी येतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हाईम केहिमकरांनी १८७५ साली शाळा काढली, तेव्हा त्यांनाही हात पसरावाच लागला. आज ती माझगावची सर एली कदूरी शाळा. नाव कुणाचं दिसतं ते बघ, आणि चपला कुणाच्या झिजल्या ते बघ."

चपलांवरूनच आमचं एकदा वाजलं. हिशेब तपासताना माझ्या लक्षात आलं की दरवर्षी पुरिमच्या आधीच्या महिन्यात मावशी दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या पावत्या फाडतात, ढिगाने. पेणची एक म्हातारी, दहा रुपये. पनवेलचं एक घर, माणशी दहा, चाळीस. वांगणीच्या पुढचा कुणी एकटा माणूस, दहा. मी टाचण केलं. पेणला जाऊन यायचा खर्च दोनशेच्या वर, जमा दहा. प्रवासखर्च मंडळाच्या वहीत कुठेच नव्हता. म्हणजे पदरचा. पेन्शनीतला.

"मावशी, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्या आजींना फोन करा, गूगल पे सांगा."

"फोनवर कळतं का?"

"काय?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. कपाटातून पिशवी काढली, दहाच्या नोटा आणि नाणी माझ्यासमोर ओतली. "मोज."

मी मोजलं, बँकेतल्या सवयीने दोनदा. मग त्यांनी सांगितलं ते असं. माणसांची डोकी मोजायची नसतात. दृष्ट लागते म्हण, पाप म्हण. मोशेला वाळवंटात खानेसुमारी करायची होती, तेव्हा प्रत्येकाकडून अर्धा शेकेल घेतला आणि नाणी मोजली. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही आणि गरिबाने कमी द्यायचं नाही, कारण जास्त दिलं तर मोजणी चुकते. ती अर्ध्या शेकेलची आठवण पुरिमला अजून पाळतात.

"मग पाचशे एकच्या पावत्या?"

"तो फंड. हे वेगळं." त्यांनी नाण्यांचे ढीग सारखे केले. "दहा रुपये हातात ठेवताना बाईचा हात थरथरतो का, घरात दुसरं माणूस आहे का, औषधाची पट्टी अर्धीच संपून पडलीय का. गूगल पे मला यातलं काय सांगणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सहा वर्षं जे पावतीपुस्तक तपासत होतो, तो वॉर्डाचा राउंड होता.

या वर्षी बेरीज झाल्यावर मी म्हणालो, "मावशी, गेल्या वर्षीपेक्षा तीन नोटा कमी आहेत."

"दोन इस्रायलला गेले, लोदला, मुलाकडे. एक..." त्यांनी बोटाने वर दाखवलं. मग पर्समध्ये हात घातला. "आणि कमी दोनच आहेत, तीन नाहीत. ही धर." एक दहाची नोट, चुरगळून सुपारीएवढी झालेली, थोडी ओलसर.

"ही कुणाची?"

"नातसुनेला मुलगी झाली. आठ दिवसांची आहे."

मी थोडंफार वाचून ठेवलं होतं, ते अशा वेळी तोंडातून निघतंच. "पण मावशी, मोशेने वीस वर्षांच्या वरचेच धरले होते. आणि फक्त पुरुष."

"मोशेकडे सहा लाख होते," मावशी म्हणाल्या. "त्याला सोडायला परवडत होतं."

त्यांनी पावती लिहायला घेतली. मुलीचं नाव अजून ठेवायचं होतं, म्हणून नावाच्या जागी नुसती रेघ ओढली आणि पुढे आडनाव घातलं, 'कर'सकट.

"पण नोट इतकी चुरगळली कशी?"

"मीच तिच्या मुठीत दिली होती, वर्गणी तिच्या हातून घ्यावी म्हणून. मग सोडेचना! तीस वर्षांत हजार मुठी सोडवल्या असतील मी, बाळांच्या आणि मोठ्यांच्याही. हिने दहा मिनिटं दमवलं मला." मावशींनी पावती फाडली, आणि पहिल्यांदाच कुणीतरी पैसे दिले नाहीत याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. "खजिनदार होणार बघ."